ग्रँड, पण ओस: 'ग्रँडिओस' हा शब्द नेमका कुठे आणि कसा वापरायचा

एका मंगल कार्यालयाचं इंग्रजी माहितीपत्रक तपासायला माझ्याकडे आलं होतं. मजकूर मालकांच्या मुलाने हौसेने लिहिलेला. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत: 'वेलकम टु अवर ग्रँडिओस हॉल.' मी फोन लावला. म्हटलं, हा शब्द काढून नुसतं 'ग्रँड' ठेवूया का? पलीकडून उत्तर आलं, "अहो, ग्रँड तर सगळेच लिहितात. आम्हाला त्याच्या वरचं पाहिजे."

म्हणजे ग्रँड, ग्रँडर, ग्रँडेस्ट आणि सगळ्यात वर ग्रँडिओस, अशी चढती भाजणी त्याच्या डोक्यात होती. मी त्याला त्या वाक्याचा अर्थ मराठीत सांगितला: "उगाच मोठेपणाचा आव आणणाऱ्या आमच्या भपकेबाज सभागृहात आपलं स्वागत असो." बराच वेळ शांतता. मग बारीक आवाजात, "ते फ्लेक्सवर पण गेलंय हो."

त्याला हसायचा अधिकार मला नाही. अनुवादाच्या कामाला लागलो तेव्हा परदेशातल्या एका सरकारी योजनेवर टीका करणारी इंग्रजी बातमी मी मराठीत केली होती. तिथल्या 'ग्रँडिओस स्कीम'ची मी बिनदिक्कत 'भव्य योजना' केली. वरिष्ठांनी त्या शब्दाभोवती लाल गोल काढला आणि म्हणाले, "मूळ बातमी टोमणा मारतेय आणि आपण आरती ओवाळतोय." तेव्हापासून हा शब्द दिसला की मी थांबतो. आता थांबून काय काय बघतो, ते ओळीने सांगतो.

पहिली पायरी: उच्चार आणि स्पेलिंग

उच्चार 'ग्रँडिओस'. शेवटी 'स'. काही जण 'ग्रँडिओझ' असं झ लावूनही म्हणतात आणि तेही चूक नाही. जोर बहुतेकदा पहिल्या 'ग्रँ'वर असतो. शेवटच्या 'ओस'वर जोर देणारेही भेटतात. आपल्याकडे मात्र 'ग्रँडियस' असा तिसराच उच्चार ऐकू येतो, आणि त्याच्या मागोमाग चुकीचं स्पेलिंग येतं. 'ग्रेशस', 'स्पेशस' या शब्दांच्या शेवटी आय-ओ-यू-एस असतं, म्हणून इथेही तेच असणार असं हात गृहीत धरतो. तसं नाही. जी-आर-ए-एन-डी-आय आणि पुढे ओ-एस-ई. यू कुठेही नाही.

याच कुळातला 'ग्रँजर' हा शब्द लिहिताना ग्रँड आणि पुढे ई-यू-आर असा लिहितात. त्याचा अर्थ भव्यता, वैभव. त्यात टोमणा नाही. दोघं एकाच घरातले, पण स्वभाव वेगळे. 'ग्रँडिओस'चं भाववाचक नाम 'ग्रँडिऑसिटी', क्रियाविशेषण 'ग्रँडिओसली'. तुलना करायची तर 'मोअर ग्रँडिओस', 'मोस्ट ग्रँडिओस'. शेपटाला 'अर' किंवा 'एस्ट' लावू नका.

दुसरी पायरी: 'ओस' लक्षात ठेवा

मूळ लॅटिन 'ग्रँडिस', म्हणजे मोठा. त्यावरून इटालियनमध्ये 'ग्रँडिओसो', तिथून फ्रेंच 'ग्रँडिओस' आणि फ्रेंचमधून इंग्रजीत. इटालियन शब्दाला वाईट वास नाही. पाश्चात्त्य संगीताच्या लिखित स्वरलिपीत 'ग्रँडिओसो' अशी सूचना असते तेव्हा वादकाने तो भाग भारदस्त, दिमाखात वाजवायचा असतो. इंग्रजीत मात्र या शब्दाला टोक आलं. शब्दकोश उघडलात तर दोन अर्थ दिसतील. एक, आकाराने किंवा आवाक्याने छाप पाडणारं. दुसरा, मोठेपणाचा आव आणणारं, हास्यास्पद वाटावं इतकं फुगवलेलं. हे दोन अर्थ शेजारी शेजारी छापलेले असतात, म्हणून वाचणाऱ्याला वाटतं की दोन्ही सारखेच चालतात. रोजच्या वापरात दुसराच अर्थ भारी पडतो. तुम्ही पहिला मनात धरून लिहाल, वाचणारा दुसरा वाचेल.

मी विद्यार्थ्यांना एक खूण सांगतो. व्युत्पत्तीशी तिचा काडीचा संबंध नाही, निव्वळ योगायोग आहे, पण डोक्यात पक्की बसते. गाव ओस पडतं, वाडा ओस पडतो, तोच 'ओस' या शब्दाच्या शेवटी आहे असं समजा. ग्रँड, पण ओस. बाहेरून भव्य, आत कोणी नाही. आपली 'बडा घर पोकळ वासा' ही म्हण एका इंग्रजी विशेषणात कोंबायची असती, तर हाच शब्द निघाला असता.

तिसरी पायरी: भव्य की भव्यतेचा आव?

खरी मेख इथे आहे, म्हणून इथे जरा रेंगाळतो. आकार मोठा असला की 'ग्रँडिओस' होत नाही. आकार आणि आतला माल यांच्यात फट दिसली पाहिजे. ती फट कुठे असते ते उदाहरणांवरूनच समजतं.

मॉस्कोत १९३१च्या डिसेंबरात 'ख्राइस्ट द सेव्हियर' हे प्रचंड चर्च सुरुंग लावून पाडलं. त्या जागी 'पॅलेस ऑफ द सोव्हिएट्स' हा सोव्हिएत राजवटीचा सभामहाल उभा राहायचा होता. योजलेली उंची ४१५ मीटर. न्यूयॉर्कची एम्पायर स्टेट बिल्डिंग तेव्हा जगात सर्वांत उंच होती, ३८१ मीटर. तिला मागे टाकायचं होतं. माथ्यावर लेनिनचा १०० मीटरचा पुतळा. पाया खणला, पोलादी सांगाडा उभा राहू लागला, तेवढ्यात दुसरं महायुद्ध आलं. सांगाड्याचं पोलाद उपसून युद्धाच्या कामाला लावावं लागलं. उरला खड्डा. शेवटी त्या गोल खड्ड्याचा उघडा पोहण्याचा तलाव केला, तो १९६०मध्ये सुरू झाला. पुढे नव्वदच्या दशकात त्याच जागी पुन्हा चर्च बांधलं. या आराखड्याबद्दल इंग्रजीत लिहिणारा माणूस 'ग्रँडिओस' हा शब्द हटकून काढतो. का, ते सांगायला नको. लेनिन ढगात आणि खाली लोक पोहतायत, यापेक्षा मोठी फट ती काय.

बर्लिनचं उदाहरण मला याहून आवडतं, कारण तिथे ही फट सेंटिमीटरमध्ये मोजलेली आहे. हिटलरला बर्लिनची नवी राजधानी करायची होती. त्यात एक अवाढव्य विजयकमान होती. बर्लिनची जमीन भुसभुशीत. ती एवढं वजन पेलेल का, हे बघायला १९४१मध्ये काँक्रीटचा एक भलामोठा दंडगोल ओतला. वजन १२ हजार ६५० टन. तो काही वर्षांत सुमारे १९ सेंटिमीटर खचला. चालण्यासारखं खचणं होतं साधारण ६ सेंटिमीटर. कमान झालीच नाही. दंडगोल अजून तिथे आहे, आणि आता तो संरक्षित वास्तू आहे. स्वप्नाचं वजन आणि खालच्या जमिनीची ताकद यांचा मेळ नाही, हाच 'ग्रँडिओस'चा अर्थ, आणि इथे तो अक्षरशः जमिनीत रुतून बसलाय.

आता कोणी म्हणेल, म्हणजे अर्धवट राहिलं तर ग्रँडिओस, पूर्ण झालं तर ग्रँड? इतकं सोपं नाही. रुमानियात हुकूमशहा चाउशेस्कूने राजधानी बुखारेस्टमध्ये बांधायला घेतलेला महाल उभा राहिला. आज ते रुमानियाचं संसद भवन आहे. क्षेत्रफळ सुमारे ३ लाख ६५ हजार चौरस मीटर, खोल्या हजाराच्या वर, आणि जगातली सर्वांत वजनदार इमारत म्हणून विक्रम. तरी त्याला ग्रँडिओसच म्हणतात. त्यासाठी जुन्या शहराचा एक मोठा भाग पाडला, हजारो कुटुंबं हलवली, आणि ज्या वर्षांत संगमरवर बसत होता त्याच वर्षांत लोक पावासाठी रांगेत उभे होते, घरात वीज आणि ऊब मोजून मिळत होती. इथे फट इमारत आणि जमीन यांच्यात नाही, इमारत आणि गरज यांच्यात आहे.

उलट विजापूरचा गोलघुमट बघा. सतराव्या शतकातला, घुमटाचा बाहेरचा व्यास सुमारे ४४ मीटर, आणि आत त्याला आधाराला एकही खांब नाही. दांडगं काम. पण त्याला ग्रँडिओस म्हणायला जीभ वळत नाही. घुमट आपलं वजन पेलून साडेतीनशे वर्षांहून जास्त काळ उभा आहे. कुजबुजलं तरी घुमतं, तेवढा आवाज त्याने करावा.

म्हणून कुठलीही मोठी गोष्ट समोर आली की मी तीन प्रश्न विचारतो. हे कशाच्या मानाने मोठं आहे? हा मोठेपणा पेलायला खाली काय आहे: पैसा, ताकद, ज्ञान, गरज? आणि मोठेपणाचा दावा कोणीतरी करतंय का? तिसरा प्रश्न महत्त्वाचा. सह्याद्री ग्रँडिओस नसतो. डोंगर कसला आव आणत नाही, तो नुसता असतो. त्याच्या पायथ्याशी उभ्या राहिलेल्या 'रॉयल सह्याद्री एम्पायर' नावाच्या दोन खोल्यांच्या घरांच्या इमारतीला हा शब्द चपखल बसतो. थोडक्यात, निसर्गाला 'ग्रँड', 'मॅजेस्टिक'. माणसाच्या करणीला, बोलण्याला आणि डोक्यातल्या कल्पनांना 'ग्रँडिओस'.

आपल्या भूमीवरचं उदाहरण हवं असेल तर दौलताबाद. मुहम्मद बिन तुघलकाने १३२७च्या सुमारास राजधानी दिल्लीहून देवगिरीला हलवली, तिचं नाव ठेवलं दौलताबाद, आणि काही वर्षांतच बेत सोडून द्यावा लागला. त्याची तांब्या-पितळेची सांकेतिक नाणी, इराणकडच्या खुरासानवर स्वारी करायचा बेत, हे सगळं इंग्रजी इतिहासलेखनात 'ग्रँडिओस स्कीम्स' या एका पोत्यात जातं. मराठीत आपण 'तुघलकी' म्हणतो. पण हे दोन शब्द एकमेकांवर बरोबर बसत नाहीत. 'तुघलकी'त लहर आणि जुलूम आहे. आकार लहान असला तरी चालतो, म्हणून सोसायटीच्या सचिवाने लिफ्ट रात्री दहाला बंद केली तरी ते 'तुघलकी फर्मान' होतं. 'ग्रँडिओस'ला आकार लागतोच. आणि गंमत अशी की देवगिरीचा तो किल्ला स्वतः अस्सल ग्रँड आहे. उभे तासलेले कडे, खंदक, अंधारी मार्ग. ओस होता तो बेत.

चौथी पायरी: कोणत्या नामाशेजारी बसवायचा

परक्या भाषेतलं विशेषण शिकताना अर्थापेक्षा त्याचे सोयरे आधी पाठ करावेत. हा शब्द ज्यांच्या शेजारी वारंवार दिसतो ते असे: प्लॅन, स्कीम, प्रोजेक्ट, व्हिजन, अ‍ॅम्बिशन, क्लेम, प्रॉमिस, टायटल, जेस्चर, रेटरिक, स्टाइल, आर्किटेक्चर, डिल्यूजन, आयडिया. जवळजवळ सगळी नामं योजना, बोलणं, दिखावा आणि समजुती यांची आहेत. जेवण ग्रँडिओस नसतं, साडी नसते, पाऊस नसतो. माणसाला थेट लावताना जरा जपून. 'ही इज ग्रँडिओस' म्हटलं की ऐकणाऱ्याला एखाद्या मानसिक लक्षणाची आठवण येऊ शकते, त्याबद्दल पुढे बोलू.

'ग्रँडिओसली' हे क्रियाविशेषण मात्र एका जागी फार कामाचं आहे: 'ग्रँडिओसली नेम्ड' किंवा 'ग्रँडिओसली टायटल्ड'. नाव मोठं, वस्तू बेताची. आपल्याकडे यासाठी 'नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा' आहेच, पण वाक्यात बसवायला त्याहून सुटसुटीत एक शब्द आहे आणि तो कुणाच्या लक्षात येत नाही. तो शब्द 'मारे'. "मारे नाव ठेवलंय आंतरराष्ट्रीय संशोधन केंद्र, आणि आहे काय, तर एक टेबल आणि दोन खुर्च्या." हे 'मारे' म्हणजे ठसठशीत मराठी 'ग्रँडिओसली'. शब्दकोशात तुम्हाला कोणी हे देणार नाही. वापरा.

पाचवी पायरी: इंग्रजीतून मराठीत आणताना

एका शब्दाला एक शब्द शोधू नका, मिळणार नाही. कुठे पोकळी आहे ते बघा, त्याप्रमाणे मराठी शब्द बदला.

योजनेला लागला असेल तर 'अवास्तव', 'आवाक्याबाहेरची', 'अवाच्या सवा'. थोडं खेळकर लिहायचं असेल तर 'हवेतले इमले'. 'भव्य' कधीच नाही. 'महत्त्वाकांक्षी' तर त्याहून नाही. मराठी वर्तमानपत्रांत 'महत्त्वाकांक्षी प्रकल्प' ही जोडी इतकी घासून गुळगुळीत झाली आहे की प्रत्येक पुलाच्या आणि प्रत्येक गटाराच्या बातमीत ती असते. ते 'अ‍ॅम्बिशस'चं भाषांतर, आणि 'अ‍ॅम्बिशस'मध्ये आदर शिल्लक असतो. 'ग्रँडिओस'मध्ये तो संपलेला असतो.

आश्वासनांना किंवा दाव्यांना लागला असेल तर 'वल्गना' हा शब्द तलवारीसारखा आहे. 'ग्रँडिओस क्लेम्स' म्हणजे सरळ 'वल्गना', वेगळं विशेषण लावायची गरजच नाही. विशेषणाचा अनुवाद विशेषणानेच झाला पाहिजे हा हट्ट सोडला की निम्मी कामं सोपी होतात. 'ग्रँडिओस प्रॉमिसेस'ला 'बोलाचीच कढी, बोलाचाच भात' चालतं, पण अग्रलेखात. न्यायालयाच्या निकालाचा अनुवाद करताना 'अवास्तव आश्वासनं' इतकंच.

वागण्याला लागला असेल तर 'बडेजाव', 'मोठेपणाचा आव'. समारंभाला किंवा सजावटीला लागला तर 'भपकेबाज', 'डामडौल', 'अवडंबर'. यातही छटा आहेत. 'थाटमाट' मध्ये टीका नाही. लग्न थाटामाटात होतं आणि सगळे खूश असतात. 'डामडौल'मध्ये शेजारचा माणूस नाक मुरडतो. 'अवडंबर'मध्ये तो उघड बोलतो. 'ग्रँडिओस' साधारण डामडौल आणि अवडंबर यांच्या मधे कुठेतरी राहतो.

एक सूक्ष्म अडचण. 'भव्यदिव्य' हा शब्द मराठीत सरळ स्तुतीचा, पण सूर बदलला की तोच टोमणा होतो: "काय ते भव्यदिव्य नियोजन! पाणीसुद्धा नव्हतं प्यायला." बोलताना चालतं. छापील मजकुरात सूर दिसत नाही, म्हणून तिथे या शब्दावर विसंबू नका.

सहावी पायरी: मराठीतून इंग्रजीत जाताना

मंगल कार्यालयाचा मुलगा इथे फसला होता, आणि बहुतेक जण इथेच फसतात. आपल्या 'भव्य'ला इंग्रजीत एक ठराविक शब्द नाही, कारण आपण 'भव्य' कशालाही लावतो. भव्य सत्कार, भव्य मोर्चा, भव्य रक्तदान शिबिर, कुस्त्यांचं भव्य मैदान, भव्य शुभारंभ, भव्य सवलत योजना. यातला शुभारंभ 'ग्रँड ओपनिंग' होईल. मोर्चा 'ह्यूज' किंवा 'मॅसिव्ह'. रक्तदान शिबिराला इंग्रजीत कुठलंच विशेषण लावू नका. किती बाटल्या जमल्या ते लिहा. यातलं काहीही 'ग्रँडिओस' नाही. चौकातल्या फ्लेक्सवर मिसरूड फुटलेल्या मुलाखाली 'कार्यसम्राट' लिहिलेलं असतं ना, ते मात्र खुशाल 'ग्रँडिओस टायटल' म्हणा.

आभाराच्या पत्रात तर हा शब्द बॉम्ब आहे. 'थँक्स फॉर युअर ग्रँडिओस हॉस्पिटॅलिटी' असं परदेशी पाहुण्यांना लिहिणारा माणूस मी पाहिलाय. त्याला म्हणायचं होतं 'तुम्ही आमचं केवढं केलंत'. त्यांना कळलं असणार 'तुमचा तो पाहुणचाराचा देखावा'. अशा जागी 'वॉर्म', 'जेनरस', 'लॅव्हिश'. 'लॅव्हिश'मध्येही उधळपट्टीची किंचित छटा आहे, पण पाहुणचारात ती खपून जाते. परदेशी विद्यापीठाच्या अर्जात 'माय ग्रँडिओस अ‍ॅम्बिशन' लिहिलंत, तर तुम्ही स्वतःच स्वतःच्या स्वप्नाला शेखचिल्लीचं मनोराज्य ठरवलंत.

माहितीपत्रकाचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. आम्ही 'ग्रँडिओस' काढला आणि 'ग्रँड'ही काढला. लिहिलं: वातानुकूलित सभागृह, आठशे माणसांची पंगत, दोनशे गाड्यांची जागा, वधूपक्षाला आणि वरपक्षाला वेगळा जिना. मुलगा नाराज होता. वडील म्हणाले, "हे बरं वाटतंय, हे विचारायलाच लोक फोन करतात."

सातवी पायरी: डॉक्टर वापरतात तेव्हा

मनोविकारशास्त्रात हा शब्द शिवी नाही. तिथे तो नोंद आहे, ताप किंवा रक्तदाब लिहावा तशी. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेत उन्मादाच्या झटक्याची लक्षणं दिली आहेत. उन्माद म्हणजे बोलीत ज्याला मॅनिया म्हणतात तो. त्यातलं पहिलंच लक्षण फुगलेला आत्मविश्वास किंवा 'ग्रँडिऑसिटी' हे आहे. बाकीची म्हणजे झोपेची गरज कमी होणं, अखंड बोलणं, विचार धावणं, लक्ष भरकटणं वगैरे. झटका म्हणायला ही अवस्था सहसा निदान आठवडाभर टिकावी लागते. आत्मप्रौढीच्या, म्हणजे 'नार्सिसिस्टिक' व्यक्तिमत्त्व विकारातही स्वतःच्या महत्त्वाची 'ग्रँडिओस' जाणीव हे पहिलं लक्षण. शिवाय भ्रमाच्या आजाराचा एक प्रकारच 'ग्रँडिओस टाइप' म्हणून ओळखला जातो: आपल्याकडे अलौकिक शक्ती आहे, आपण मोठा शोध लावलाय, असा पक्का विश्वास, आणि समोर कितीही पुरावा ठेवला तरी तो न हलणं.

अशा मजकुराचा अनुवाद करताना 'बडेजाव', 'वल्गना', 'भपका' हे शब्द चुकूनही वापरू नका. घरच्यांच्या हातात तो कागद जाणार असतो. आजारी माणूस बढाया मारत नाही. त्याला ते खरंच वाटतं. 'मोठेपणाचा भ्रम', 'स्वतःच्या महत्त्वाची अवास्तव जाणीव' असं साधं, रंगहीन लिहावं. तीच गोष्ट उलटही: शेजारच्या बढाईखोर माणसाला 'त्याला ग्रँडिओस डिल्यूजन्स आहेत' म्हणणं हा इंग्रजीतला विनोद असला तरी ज्याच्या घरात तो आजार आहे त्याच्यासमोर करू नये.

आठवी पायरी: शेजाऱ्यांशी गल्लत नको

'पॉम्पस' माणसाला लागतो: गंभीर चेहरा, ताठ मान, स्वतःला फार समजणारा. मूळ ग्रीक शब्द मिरवणुकीचा, तेव्हा कायम आपल्याच मिरवणुकीत चालणारा माणूस डोळ्यांपुढे आणा. 'प्रिटेन्शस' म्हणजे नसलेली अभिरुची किंवा विद्वत्ता दाखवणारा. 'ऑस्टेंटेशस' म्हणजे दाखवण्यासाठीच केलेलं; गळ्यातली जाड साखळी शर्टाच्या बाहेर काढून ठेवणं. ती साखळी अस्सल सोन्याची असू शकते. 'ग्रँडिओस'मध्ये अस्सलपणाबद्दलच शंका असते.

'बॉम्बॅस्टिक' फक्त भाषेला. याचा बॉम्बशी संबंध आहे असं सगळ्यांना वाटतं, आणि तो नाही. जुन्या इंग्रजीत 'बॉम्बॅस्ट' म्हणजे कापूस, कपडे फुगवायला आत भरायचा तो. कापूस भरून फुगवलेलं भाषण. आपल्याकडे गादीवाल्याने कापूस पिंजावा तसे शब्द पिंजणारे वक्ते काही कमी नाहीत, त्यामुळे हे चित्र समजायला जड जाऊ नये. 'ग्रँडिलोक्वंट' हाही भाषेचाच, 'ग्रँडिओस'चा चुलतभाऊ. त्यात लॅटिनमधलं 'बोलणं' दडलंय. भाषण शब्दबंबाळ असेल तर 'ग्रँडिलोक्वंट', भाषणातली योजना हवेतली असेल तर 'ग्रँडिओस'. बरेचदा दोन्ही एकाच व्यासपीठावर असतात.

नववी पायरी: स्वतःबद्दल वापरताना

इथे हा शब्द अचानक नम्र होतो. 'इट मे साउंड ग्रँडिओस, बट...' अशी सुरुवात इंग्रजीत सर्रास होते. मराठीत आपण म्हणतो, "लहान तोंडी मोठा घास होईल, पण..." किंवा "जरा जास्तच वाटेल, तरी बोलतो." मुलाखतीत, निधीसाठीच्या अर्जात, एखादी मोठी कल्पना मांडताना हे वाक्य उपयोगी पडतं, कारण ऐकणाऱ्याच्या मनातला आक्षेप तुम्हीच आधी बोलून टाकता. फक्त त्यानंतरच्या वाक्यात आकडा किंवा पुरावा हवा. नसेल तर तुम्ही स्वतःवरचा आरोप कबूल करून खाली बसलात असं होईल.

आता हात चालवून बघा

चार वाक्यं देतो. उत्तर वाचण्याआधी मनात ठरवा.

"गावच्या शाळेने शंभर वर्षं पूर्ण झाल्याबद्दल भव्य सोहळा केला." 'ग्रँड सेलिब्रेशन'. शाळा खरंच शंभर वर्षांची आहे, सोहळा तिला शोभतो.

"कर्ज फेडता येत नसताना त्याने तीन देशांत शाखा काढायची घोषणा केली." 'ग्रँडिओस प्लॅन'. खाली जमीन नाही.

"छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची इमारत." यावर वाद घालायला जागा आहे. १८८८मध्ये पूर्ण झालेली ही वास्तू सजावटीने इतकी भरलेली आहे की साम्राज्याचा मोठेपणा मिरवायला ती उभारली असं कोणी म्हटलं आणि 'ग्रँडिओस' वापरला, तर तो माणूस राजकीय विधान करतोय असं समजा. मी 'ग्रँड' म्हणेन. ती इमारत रोज लाखो माणसं पोटात घेते आणि बाहेर सोडते.

"काकांनी व्हिजिटिंग कार्डावर 'ग्लोबल चेअरमन' छापलंय, कंपनीत काका आणि काकू." इंग्रजीत 'ग्रँडिओसली स्टाइल्स हिमसेल्फ ग्लोबल चेअरमन'. मराठीत, "मारे ग्लोबल चेअरमन!" काकूंना विचाराल तर त्या एवढंच म्हणतील, "सही मात्र माझी लागते."